साक्ष आणि दाखला : दलित ख्रिस्ती लेखकाच्या भयाविषयी

लेखकाच्या भीतीविषयी आपल्याकडे असे बोलले जाते, जणू तो त्याच्या स्वभावाचा दोष आहे. धीर धर, स्वतःवर विश्वास ठेव, प्रार्थना कर, एवढा उपदेश केला की काम संपले. दलित ख्रिस्ती लेखकाला केलेला हा उपदेश मला अप्रामाणिक वाटतो. त्याच्या भयाला तारखा आहेत, सरकारी कागद आहेत.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्माशी बांधला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात जागा मिळाली. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. ही धर्माची अट काढावी, अशी शिफारस रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली केली. पुढे २०२२ साली याच प्रश्नासाठी बालकृष्णन आयोग नेमला गेला. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेले इतर मागासवर्गात मोडतात. म्हणजे गावाच्या नजरेत जात तीच, वस्ती तीच. पण राखीव मतदारसंघ नाही आणि अत्याचारविरोधी कायद्याचे संरक्षणही नाही. त्यामुळे कित्येक घरांत माणसाची दोन नावे असतात, एक मंडळीच्या नोंदवहीत आणि एक शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. अशा घरातला मुलगा आत्मकथन लिहायला बसतो, तेव्हा ‘माझे नाव’ या दोन शब्दांपाशीच त्याचा हात थांबतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाने आपल्या आजीवर सुंदर लेख लिहिला होता. महाविद्यालयाच्या वार्षिकासाठी मी तो मागितला, तेव्हा त्याने विचारले, “सर, हे छापून आलं तर दाखल्याचं काय होईल?” त्याच्या आत्मविश्वासात काही कमी नव्हते. प्रश्न व्यवहाराचा होता, आणि त्याचे ठाम उत्तर माझ्यापाशी नव्हते.

कागदाचे भय एक. दुसरे भय साहित्यप्रकाराचे आहे आणि समीक्षेने त्याकडे पाहिलेलेच नाही. ख्रिस्ती माणसाला स्वतःविषयी बोलण्याचा जो घाट लहानपणापासून शिकवला जातो, तो ‘साक्षी’चा. आधी अंधार, मग तारण, मग उजेड. या घाटात जातीला जागा आहे, पण फक्त पहिल्या भागात. बाप्तिस्म्यानंतर ती दिसता कामा नये. मंडळीतही सोयरीक जात पाहून होते, असे कोणी लिहिले की लगेच ऐकावे लागते, ‘विरोधकांच्या हाती कोलीत देतोस.’ आणि आमच्या चळवळीतले मित्र दुसऱ्या बाजूने विचारतात, ‘धर्म बदललास, मग दलित कसा?’ या मित्रांनी दलित पँथरचा १९७३ चा जाहीरनामा पुन्हा वाचावा. धर्माच्या नावाने पिळला गेलेला माणूस त्या व्याख्येत आहे. त्याच्या देवळाची चौकशी तिथे केलेली नाही.

मराठीचा इतिहास या बाबतीत मोठा विचित्र आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली छापला गेला तो ‘ज्ञानोदया’त, म्हणजे मिशनच्या पत्रात. मुक्ता ख्रिस्ती नव्हती. पण अस्पृश्य मुलीचा निर्भय शब्द ज्या पानांवर उमटला, ती पाने ख्रिस्ती होती. त्यानंतर मराठी ख्रिस्ती साहित्य म्हटले की जी नावे आपण घेतो (बाबा पदमनजी, रेव्हरंड टिळक, पंडिता रमाबाई, लक्ष्मीबाई), ती सारी वरच्या जातींतून आलेल्यांची. ज्यांच्यामुळे अहमदनगरकडच्या (आता अहिल्यानगर) मंडळ्या भरल्या, ते महार-मांग या यादीत नाहीत.

लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ मी दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी हसतो. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० साली. मधल्या वर्षांत त्यांचे सोवळे कसे गळत गेले, हे त्यांनी स्वतःची थट्टा करत सांगितले आहे. मराठीत असे निर्मळ गद्य थोडे. पण या निर्भयतेला एक पाया आहे. लक्ष्मीबाईंनी जे टाकले, ते सोवळे होते. टाकण्यासाठी माणसापाशी आधी काही असावे लागते. ज्याला गावाने शिवूनच घेतले नाही, त्याच्या बाप्तिस्म्याची गोष्ट या विनोदात कशी सांगणार? ‘स्मृतिचित्रे’ हा आमच्या मुलांपुढचा आदर्श झाला खरा, पण त्या आदर्शाने त्यांचा आत्मसंशय वाढवलाच. आपल्या जगण्यात असा गोडवा का नाही, असे त्यांना वाटत राहते.

म्हणून मला तमिळमधल्या बामांचे ‘करुक्कु’ (१९९२) महत्त्वाचे वाटते. बामा दलित कॅथलिक. शिक्षिका झाल्या, गरिबांची सेवा करायची म्हणून कॉन्व्हेंटमध्ये गेल्या आणि काही वर्षांनी बाहेर पडल्या. तिथे गरिबीचे व्रत घेतलेल्या सिस्टरांचे सुखवस्तू जगणे त्यांनी पाहिले, झाडलोटीची कामे कोणाच्या वाट्याला येतात तेही पाहिले. बालपणाचा एक प्रसंग विसरता येत नाही. वस्तीतला एक वडीलधारा माणूस खाऊचा पुडा दोऱ्याला धरून, अंगापासून लांब ठेवून नेतो आहे. पोर हसते. मग भाऊ सांगतो की मालकाचा खाऊ विटाळू नये म्हणून तो पुडा तसा धरायचा. हसू तिथेच विरते. लक्ष्मीबाईंचे हसू आणि हे हसू यांतले अंतर हाच माझा मुद्दा आहे.

‘करुक्कु’ने साक्षीचा घाट उलटा केला. इथे मठात गेल्यावर उजेड पडत नाही. पुस्तक संपताना लेखिका बाहेर आहे, आधार सुटलेला आहे. तरी येशू तिने सोडलेला नाही. शिकवणीतला नम्र, सोशिक येशू बाजूला सारून गांजलेल्यांसाठी चिडणारा येशू तिने बायबलातच शोधला. श्रद्धा शाबूत ठेवून चर्चला जाब विचारता येतो, याचा हा पुरावा आहे. त्याची किंमत तिने मोजली. पुस्तक निघाल्यावर काही महिने स्वतःच्या गावात पाऊल ठेवणे तिला अवघड झाले होते.

आणखी एक गोष्ट बामांनी केली. तमिळ पंडितांना न रुचणाऱ्या आपल्या वस्तीच्या बोलीत त्यांनी लिहिले. आपल्याकडे हा पेच जास्त गुंतागुंतीचा आहे. आमच्या घरांत बायबलची मराठी आहे, टिळकांची भजने आहेत, महारवाड्याची बोली आहे. पाळकबाबांना सलाम होतो आणि त्याच ओट्यावर भावकीला जयभीम. पुण्याच्या समीक्षकाला ही भाषा मिशनरी वाटते आणि दलित समीक्षकाला पुरेशी रांगडी वाटत नाही. त्या मुलाच्या लेखात आजी लेकरांना शिव्या देता देता स्तोत्र म्हणते, एकाच दमात. त्याने ते वाक्य खोडले होते. मी पेन्सिलीने त्याखाली टिंबे देऊन ते परत घेतले आहे. नाव कोणते घालायचे, ते त्याने ठरवायचे.