जमनालाल बजाज यांचें कुलवृत्त आणि चरित्रकार

चरित्रांत कुलवृत्तास स्थान द्यावें कीं नाहीं, हा वाद आतां जुना झाला. अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनीं १८५९ सालीं आपल्या पूर्वजांविषयीं थोडासाच मजकूर लिहिला. संशोधकांनीं तेवढ्यावर न थांबतां त्यांचें मूळ १६३७ सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतीं आलेल्या सॅम्युएल लिंकनपर्यंत नेलें. वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज यांच्या प्रचलित चरित्रांत कुलाची माहिती येते खरी; परंतु तिचा विचार होत नाहीं, ही आमची तक्रार आहे.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजीं जयपूर संस्थानांत, सीकरजवळच्या काशी-का-बास या गांवीं झाला. वर्ध्याचे शेठ बच्छराज यांनीं लहानपणींच त्यांस नातू म्हणून दत्तक घेतलें. आईच्या तोंडून सहज शब्द गेला व तो पाळावा लागला, ही कथा परंपरा म्हणूनच घ्यावी. पुढच्या पत्राची गोष्ट निराळी. एका लग्नप्रसंगीं दागिने घालण्यावरून आजोबा रागावले, तेव्हां सतरा वर्षांच्या जमनालालजींनीं त्यांस पत्र लिहून सर्व संपत्तीवरील हक्क सोडला.

गांधीजी आफ्रिकेहून परतले ते १९१५ सालीं. ‘मला आपला पांचवा पुत्र माना’ अशा आशयाची विनंति जमनालालजींनीं केली ती १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या वेळीं. म्हणजे त्यागपत्र गांधीजींच्या सहवासापूर्वींचें ठरतें. असें असतां गांधीजींनीं एका धनिकास विरक्त केलें, असें जे लिहितात, ते कालक्रम उलटा करतात.

यावर कोणी म्हणेल कीं, तें पत्र तरुणपणाच्या रागाचें होतें. आजोबांनीं समजूत घालतांच नातू परतला व पुढें इस्टेटीचा धनीहि झाला. आक्षेप रास्त आहे. परंतु रागाचा त्याग रागाबरोबर ओसरतो. हा ओसरला नाहीं. वर्ध्यांतील बजाज घराण्याचें लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ सालीं अस्पृश्यांस खुलें झालें. १९३६ सालीं गांधीजी जेथें राहावयास गेले, तें शेगांवहि जमनालालजींच्या मालगुजारींतलें. त्याचेंच नांव १९४० सालीं सेवाग्राम झालें. वारशानें आलेलें धन आपलें नव्हे, ही समजूत येथें सतत दिसते.

गांधीजींचें ऋण आम्ही कमी लेखीत नाहीं. त्या समजुतीस राष्ट्रकार्याची दिशा त्यांनींच दिली. परंतु बीज व खतपाणी यांतील भेद इतिहासकारानें विसरूं नये. दत्तक गेलेल्या मुलास धन हें जन्मानें नव्हे, विधीनें मिळालें होतें. जें विधीनें आलें तें पत्रानें परत करितां येतें, हें त्यास लवकर उमगलें असावें, असें आमचें अनुमान आहे.

जमनालालजी ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं वारले. त्यांचें चरित्र पुन्हां लिहूं इच्छिणारानें आरंभ साबरमतीपासून न करतां बच्छराजांच्या पेढीपासून करावा. पांचव्या पुत्राची ओळख सर्वांस आहे. बच्छराजांच्या नातवाची ओळख अद्याप व्हावयाची आहे.