बीजक आणि पेटी : एका शोधक्रीडेचें परीक्षण

जिओकॅशिंग नांवाची क्रीडा गेल्या पंचवीस वर्षांत जगभर पसरली आहे. तिचा जन्मकाळ नेमका सांगतां येतो. अमेरिकी सरकारनें उपग्रहांच्या स्थाननिर्देशांत बुद्ध्या ठेवलेली अशुद्धता 2000 सालच्या मेच्या आरंभीं काढून टाकली, आणि 3 मे रोजीं ऑरेगॉन प्रांतांत बीव्हरक्रीकजवळ डेव्ह अल्मर यांनीं एक बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले. शोधणाऱ्यानें पेटी काढावी, आंतील वहींत नांव व तारीख लिहावी, वस्तु घेतल्यास तोलाची दुसरी ठेवावी आणि पेटी पूर्ववत् लपवावी, एवढाच खेळ.

आमच्या वाचकांस यावरून बीजकाची आठवण होईलच. बीजक म्हणून दाखविले जाणारे कागद कोणत्या संग्राहकाच्या हातीं आले नाहींत ? अमक्या वडाच्या पूर्वेस इतके हात, तमक्या शिळेखालीं इतके हंडे ! वड वठतो, शिळा कोणी पायरीस लावतो, आणि कागदावर ना मिति ना शिक्का. अक्षांश-रेखांशांस हा दोष नाहीं. पण मुख्य भेद निराळाच आहे. बीजक एकासाठीं लिहिलेलें असतें, पेटीचा पत्ता सर्वांसाठीं.

स्मृतिकारांच्या विभागणींत ही पेटी कोठें बसेल, हें पाहण्यासारखें आहे. निधि म्हणावें, तर निधीचा स्वामी अज्ञात असतो. येथें तो ज्ञात आहे. याज्ञवल्क्यानें सांगितलेला उपनिधि झांकलेला व आंतील द्रव्य न सांगतां दिलेला असतो खरा, पण तो विश्वासाच्या एका माणसाच्या हातीं सोंपवावयाचा. येथें विश्वास परक्यांवर, तोहि न पाहिलेल्या. या खेळाचा खरा गुण आम्हांस येथेंच दिसतो.

बंद पडलेल्या कोळशाच्या गांवीं तो विशेष शोभेल. आपल्याकडे वरोरा घ्या. तेथील सरकारी खाण 1870 नंतरच्या दशकांत चालू झाली, कोळशासाठीं वर्ध्याहून हिंगणघाटावरून लोहमार्ग आला, आणि 1906 सालीं खाण मिटली. आज वरोरा म्हटलें कीं लोकांस आनंदवन आठवतें, खाण आठवत नाहीं. तेथें पेटी कोणास चार पावलें चालवील तर वाईट काय ? मात्र ती सार्वजनिक वाटेवर असावी. जुन्या भुयारांचें छत कधीं खचेल याचा नेम नसतो, आणि कोंडलेली हवा दिसत नाहीं. शिवाय पेटीसोबतचा स्थलवृत्तान्त बहुधा ऐकीव असतो. त्याला आधार विचारणारा कोणी नाहीं, हा आमच्या मतें या वाङ्मयाचा सर्वांत मोठा दोष होय.

हिंगोलीकडे वळलों म्हणजे मात्र आमचा सूर बदलतो. हैदराबाद कंटिन्जन्टची छावणी येथें 1903 पर्यंत होती; त्या बाजूस कोणी पेटी ठेविली तर आमची हरकत नाहीं. पण औंढ्या नागनाथाच्या कोरीव भिंतींच्या सांध्यांत कोणी बोटें घालून कांहीं शोधतो आहे, हें पाहणाऱ्याला उपग्रह ठाऊक नसतो; त्याला धन ठाऊक असतें. तो रात्रीं पहार घेऊन येतो. दहा रुपयांहून अधिक किंमतीचें पुरलेलें धन सांपडल्यास कलेक्टरास कळवावें, असा 1878 चा कायदा आहे. पण फुटलेली मूर्ति त्यानें परत येत नाहीं. या खेळाच्या आजच्या नियमांत जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीवांचून पेटीसाठीं खड्डा खणणें निषिद्ध आहे आणि पेटी ठेवण्यासहि त्याची परवानगी आवश्यक आहे. पहिली बादलीच अर्धी पुरलेली होती, हें नियम करणाऱ्यांस स्मरलें असावें.

याच क्रीडेंत पेटीवांचूनचाहि एक प्रकार आहे : स्थळीं जाऊन, निरखून, प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें. औंढ्यास तोच योग्य. देवळाचा खालचा भाग कोरीव दगडी व वरचें बांधकाम उत्तरकालीन. तो फरक कोठें सुरू होतो, एवढें विचारलें तरी पाहणारा अर्धा तास मान वर करून उभा राहील.

राहिली वही. तींत तारीखवार नांवें, क्वचित् पावसापाण्याचा उल्लेख, हस्ताक्षर मूळचें. पुढील अभ्यासकास एखाद्या उजाड स्थळीं कोण कधीं आलें याचें असें अस्सल साधन दुसरें मिळणार नाहीं. भरलेली वही पेटी ठेवणाऱ्याच्या घरीं जाते व बहुधा रद्दींत संपते. आमच्या संग्राहक बंधूंनीं ती मागून घ्यावी, स्थळ व काल नोंदवावा, आणि इतर दप्तराशेजारीं रुमालांत बांधून ठेवावी.