मडक्याच्या तळाशी

बायबलमधल्या १ राजे १७ या अध्यायात सारफथच्या वेशीपाशी एक विधवा काटक्या वेचते आहे. एलीया संदेष्टा तिच्याकडे आधी पाणी मागतो. ती आणायला वळते, तोच भाकरही मागतो. घरात मूठभर पीठ आणि कुपीत थोडं तेल. ते भाजून मुलासोबत खायचं आणि मग मरायचं, एवढंच तिच्यापुढे उरलं आहे. तेवढ्यासाठी तिला हव्यात दोनच काटक्या. मोळी नाही. उद्या चूल पेटणार नाही, हे निवेदकाने या दोन काटक्यांत सांगून टाकलं आहे.

तरीही एलीया म्हणतो, आधी मला लहानशी भाकर दे. ही मागणी बोचते; प्रवचनात ती घाईने उरकू नये. पण मागणाराही रिकाम्या हाताने आला आहे. करीथ ओहोळाकाठी कावळ्यांनी आणलेल्या अन्नावर तो जगला, मग ओहोळच आटला. ज्या दुष्काळाची घोषणा त्याने केली, त्याची झळ त्यालाही लागली. आणि देव त्याला धाडतो ते बआलपूजक ईजबेल राणीच्या माहेरी, सीदोनच्या मुलखात! पुढे नासरेथच्या सभास्थानात येशूने याच परक्या विधवेचा दाखला दिला, तेव्हा ऐकणारे खवळून उठले.

ती भाकर करून देते. पुढचा चमत्कार फार हलक्या हाताने लिहिला आहे. कोठार भरत नाही, तेल ओसंडत नाही. पीठ सरत नाही, इतकंच. मला तर दिसतं ते असं: रोज सकाळी ती मडक्यात हात घालते, बोटं तळाला लागतात, आणि त्या दिवसापुरतं पीठ निघतं. साठा कधी दिसतच नाही, म्हणून विश्वास रोज नव्याने ठेवावा लागतो. दुष्काळात आईवडील गमावलेल्या आणि पुढे केडगावी दुष्काळग्रस्त मुलींना आसरा देणाऱ्या पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. हे मडकं त्यांच्याही लेखणीखालून गेलं आहे.

कथा इथे थांबली असती तर गोड झाली असती. पण पीठ पुरत असतानाच तिचा मुलगा जातो. ती एलीयाला थेट जाब विचारते. तो तिला धीराचे शब्द सांगत बसत नाही. मुलाला माडीवर नेऊन तिचाच सवाल तो देवापुढे ठेवतो: जिच्या घरी मी राहतो, तिच्यावरही हे संकट का? मुलगा उठतो तो या तक्रारीनंतर.