ऐकू न येणारे गाणे : 'मंद्र' आणि कादंबरीतील संगीत

संगीतावर कथा लिहू पाहणाऱ्यासमोरची पहिली अडचण अगदी साधी आहे. कागदावर गाणे वाजत नाही. चित्राचे निदान वर्णन करता येते. डाव्या कोपऱ्यात काय आहे, कुठला रंग किती दाट आहे, हे सांगता येते. मालकंस कसा लागला हे सांगायला गेले की लेखक विशेषणांकडे वळतो. 'सूर काळजाला भिडले', 'श्रोते देहभान विसरले' ही वाक्ये मराठी कथांत इतकी फिरली आहेत की त्यांतून आता काहीच ऐकू येत नाही. मग संगीतापासून प्रेरणा घेतलेली कथा संगीतातून नेमके काय उचलते? एस. एल. भैरप्पा यांच्या 'मंद्र' या कादंबरीच्या आधारे हा प्रश्न पाहू.

'मंद्र' ही २००१ सालची कन्नड कादंबरी. बेंगळुरूच्या साहित्य भांडार या प्रकाशनसंस्थेने भैरप्पांचे बहुतेक लेखन वाचकांपर्यंत नेले, तसेच हेही. तिला २०१० चा सरस्वती सन्मान मिळाला. मराठी वाचकाला ती उमा कुलकर्णी यांच्या अनुवादामुळे परिचित आहे. कादंबरीचा नायक मोहनलाल हा हिंदुस्थानी ख्यालगायक. गायक म्हणून असामान्य, आणि माणूस म्हणून, विशेषतः स्त्रियांशी वागताना, कमालीचा स्वार्थी. ज्यांना त्याची विद्या हवी आहे त्यांच्याकडून तो तिची किंमत वसूल करतो. थोर कला आणि हीन वर्तन एकाच देहात कसे नांदते, हा कादंबरीचा गाभा आहे. भैरप्पा तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. 'सत्य मत्तु सौंदर्य' हा त्यांचा बडोद्याच्या विद्यापीठातील पीएच.डी.चा प्रबंध. म्हणजे हा विषय कादंबरीच्या फार आधीपासून त्यांच्या मनात होता.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. बेंगळुरू-म्हैसूर या भागाचा कान मुख्यतः कर्नाटक संगीतावर घडलेला आहे. बेंगळुरूच्या चामराजपेठेत १९३९ पासून रामनवमीच्या निमित्ताने मोठा संगीतोत्सव भरतो, तो याच परंपरेतला. त्या प्रदेशातल्या लेखकाने ख्याल का निवडावा? भैरप्पा काही काळ हुबळीत शिकवत होते, आणि हुबळी-धारवाड म्हणजे हिंदुस्थानी गायकीचे माहेर. गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू ही मंडळी तिथली. या गायकीची मुळे मराठी मुलखात गुंतलेली आहेत. मन्सूरांनी मिरजेच्या नीलकंठबुवांकडे तालीम घेतली, पुढे मुंबईत अल्लादिया खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ यांच्याकडे. त्यामुळे या कादंबरीचे जग मराठी वाचकाला परके वाटत नाही. रियाज, तालीम, घराणे, ठुमरी हे शब्दही आपलेच.

पण माझ्या मते निवडीचे खरे कारण ख्यालाच्या स्वभावात आहे. कर्नाटक मैफलीत रचनेला आणि तिच्या बहुधा भक्तिपर शब्दांना मोठा मान असतो. गायक त्या रचनेचा वाहक असतो. ख्यालात बंदिशीचे शब्द चार ओळींचे, बाकी सगळा विस्तार गायकाचा. तेवढा अवकाश मिळाला की गायकाचा 'मी' मोठा व्हायला जागा मिळते. अहंकारी कलावंताची गोष्ट सांगायला हा प्रकार अधिक सोयीचा. शीर्षकही त्यातूनच आले आहे. विलंबित ख्यालात गायक मंद्र सप्तकात उतरतो, तिथे तानांची चमक चालत नाही, श्वास आणि स्थैर्य लागते. ज्या खोलीत गायकाचा गळा पोचतो तिथे त्याचे जगणे पोचत नाही, हा उपरोध त्या एका शब्दात आहे.

इथे कादंबरीची मोठी अडचण सुरू होते. मोहनलालचे वागणे गद्यात ठसठशीत दिसते. खोटे बोलणे, लोभ, दुसऱ्याला वापरून घेणे हे सगळे कादंबरीच्या हातचे आहे. त्याचे गाणे मात्र आपण ऐकलेले नसते. तराजूच्या एका पारड्यात खरी वजने आणि दुसऱ्यात फक्त लेखकाचा शब्द. मग 'कला थोर की नीती' हा वाद सुरू होण्याआधीच निकाली निघतो.

तुलनेला पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' घ्या. १९६७ साली ते रंगभूमीवर आले. त्यातला खाँसाहेब हेकट आहे. लायक शिष्य दाराशी आला तरी विद्या देत नाही. तरीही प्रेक्षक त्याच्यावर रागावून घरी जात नाही, कारण जितेंद्र अभिषेकींचे संगीत आणि वसंतराव देशपांड्यांचा गळा समोर हजर होता. खाँसाहेबाची बाजू मांडायला नाटककाराला फारसे संवाद लिहावे लागले नाहीत. कादंबरीकाराला ही सोय नाही.

भैरप्पांनी काढलेली वाट विद्यार्थ्यांनी नीट पाहावी. गाणे ऐकू येत नसेल, तर ते ऐकण्यासाठी माणसे काय काय सोसतात ते दाखवायचे. गुरूचे खरे रूप कळल्यावरही शिष्या निघून का जात नाही? तिला अजून तो राग मिळालेला नाही म्हणून. तिच्या न जाण्यातून वाचकाला गाण्याची ताकद कळते. विशेषणांची शंभर वाक्ये जे करू शकली नसती ते हा एक निर्णय करतो. गुरु-शिष्य नात्यातल्या सत्तेविषयी आज उघड बोलले जाते. कादंबरीने ती सत्ता सुरांच्या आतच बसलेली दाखवली आहे. विद्या देणे आणि अडवून धरणे एकाच हातात असते.

या युक्तीत एक खोटही आहे. गाण्याचा पुरावा सतत दुसऱ्याच्या दुःखातून यायला लागला की गाणे म्हणजे केवळ आमिष वाटू लागते. मोहनलालला एकट्याने, कुणाकडून काही मिळवायचे नसताना, गाताना जे सुख होत असेल ते मला पुरेसे भेटले नाही. रागचर्चेचे काही भाग तर पाठ्यपुस्तकासारखे वाटतात. माहिती अचूक असली म्हणून तिचे कथानक होत नाही.

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' मध्ये सगळ्या कलांना संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे लावून पाहिली. त्या अंगाने गेले तर दुसरी एक शक्यता दिसते: कलावंत पात्र म्हणून आणायचाच नाही, फक्त त्या कलेची रीत गद्यात घ्यायची. जी. ए. कुलकर्णी याचे उत्तम उदाहरण. ते धारवाडात इंग्रजी शिकवत आणि चित्रेही काढत. 'निळासावळा', 'हिरवे रावे', 'रक्तचंदन', 'काजळमाया' ही संग्रहांची नावेच रंगांची आहेत. त्यांच्या कथांत चित्रकार क्वचितच भेटतो, पण भिंतीवरचा उजेड, मातीचा रंग, आकाशाचा तुकडा कथेचा कल ठरवतात. चित्रकला तिथे विषय न होता नजर झाली आहे. संगीताच्या बाबतीत हे अधिक अवघड, कारण विलंबित लय गद्यात आणायची तर वाचकाला थांबवून धरावे लागते. 'मंद्र' मोठी आहे, पण तिची गती बहुतांशी घटनांची आहे, आलापाची नाही. तिच्या शीर्षकाने दिलेला संथपणा मला तिच्या वाक्यांत सापडत नाही. तो सापडतो शिष्येने उत्तर न देता तंबोरा लावायला घेण्यासारख्या लहान जागांत.