‘दुखणे’ आणि ‘तपासणी’ : स्तनविषयक पत्रकांची भाषा

स्तनांच्या कर्करोगासंबंधी स्त्रियांसाठी लिहिल्या जाणाऱ्या मराठी पत्रकांचा विचार बहुधा वैद्यकीय अचूकपणाच्या अंगाने होतो. भाषेचा प्रश्न निघालाच तर संस्कृत शब्द काढून सोपे घालावेत, एवढ्यावर चर्चा थांबते. वस्तुतः येथील खरी अडचण शब्दांच्या काठिण्याची नाही.

‘दुखणे’ हे क्रियापद मराठीत वेदना सांगते. तेच नाम म्हणून वापरले की आजार सांगते. ‘मोठ्या दुखण्यातून उठली’, ‘दुखणेकरी’, ‘दुखणाईत’ हे प्रयोग पाहावेत. वेदना नाही ते दुखणे नव्हे, हा समज भाषेतच मुरलेला आहे. कर्करोगाची गाठ मात्र आरंभी बहुधा दुखत नाही. ‘स्तनात गाठ आढळल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण ‘दुखू लागल्यास’ ही न लिहिलेली अट वाचणारी स्त्री आपल्या मनाने त्यात घालते. ‘गाठ दुखत नसली तरी दाखवा’ या वाक्यातील ‘तरी’ हे अव्यय ती अट मोडून काढते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही तेथेच सांगावयास हवे. नाहीतर भीतीपोटी दाखविणेच लांबते.

अवयवनामांविषयी थोडक्यात. ‘छाती’ हा शब्द संकोचापोटी पत्करला जातो. पण छातीत कळ येते ती निराळीच, आणि ‘छातीत गाठ’ म्हटल्याने नेमकी जागा कळत नाही. ‘अंगावर पाजणे’ या प्रयोगात तर अवयवाचे नावच गाळलेले आहे. अशा स्थितीत ‘स्तन’ हा तत्सम शब्दच बरा. ‘स्तनाग्र’ मात्र पुस्तकी. तेथे ‘बोंड’ चालावे. (त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, ही उपमा परकी असूनही नागपूरकडे तिला टीपेची गरज पडू नये!)

अधिक गंभीर दोष ‘स्तनतपासणी’ या समासात आहे. ‘स्तनांची तपासणी’ असा विग्रह केला तरी कर्ता सापडत नाही. स्वतः स्त्री, आरोग्यसेविका की क्ष-किरण यंत्र? हा भेद केवळ वैयाकरणाचा नव्हे. शांघायमधील कापडगिरण्यांशी संबंधित 2,66,064 स्त्रियांवर 1989 मध्ये सुरू झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतः तपासण्याचे पद्धतशीर शिक्षण देऊनही कर्करोगाने होणारे मृत्यू घटले नाहीत; निरुपद्रवी गाठींच्या शस्त्रक्रिया मात्र वाढल्या. उलट मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून 1,51,538 स्त्रियांवर केलेल्या चाचणीत तपासणाऱ्या स्त्रिया प्रशिक्षित आरोग्यसेविका होत्या. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 50 व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत या कर्करोगाचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात तशी घट दिसली नाही. ‘स्तनतपासणीने जीव वाचतो’ असे लिहिणारे पत्रक एका तपासणीचे श्रेय दुसरीच्या पदरात टाकते.

मराठीजवळ हा भेद दाखविण्याचे साधन आयतेच आहे : ‘तपासणे’ आणि ‘तपासून घेणे’. दुसऱ्या प्रयोगात तपासणारी व्यक्ती निराळी आहे, हे न सांगता कळते. स्वतःपुरते सांगावयाचे ते ‘तपासणी’ या शब्दानेही सांगू नये. त्या शब्दास परीक्षेचा, उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचा वास आहे. पुष्कळ स्त्रियांना गाठ न्हाताना किंवा कपडे बदलताना सहज हाताला लागते. ‘आपल्या अंगाची ओळख असू द्या, नेहमीपेक्षा निराळे काही जाणवले, तर डॉक्टरांकडून तपासून घ्या’ एवढे दोन वाक्यांचे शिक्षण पत्रकात ठळक छापावे, आणि आकृतीतील हातांच्या हालचाली त्याखाली याव्यात.