मखर की दिवा?

‘नॉलेज इज डिव्हाईन’, म्हणजे ज्ञान दिव्य आहे, हे गोवा विद्यापीठाचे ब्रीद. ऐकताच मान डोलवावी असे हे वाक्य आहे. पण ब्रीद म्हणजे नुसते सुभाषित नव्हे; ते धारण करणाऱ्याने स्वतःवर घालून घेतलेले बंधन होय. म्हणूनच हे वाक्य विद्यापीठाकडून नेमके काय मागते, असा प्रश्न आम्ही करतो.

मुक्तीनंतर १९६२ साली गोव्यात महाविद्यालये निघाली ती मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेले आपले विद्यापीठ १९८५ साली सुरू होईपर्यंत येथील पदवीधर घडले ते ‘शीलवृत्तफला विद्या’ या मुंबईच्या ब्रीदाखाली. त्यात विद्या हा वृक्ष, शील व सद्वर्तन हे त्याचे फळ. फळ धरले नाही तर झाड कशाला, असे गुरूला व शिष्यालाही ते विचारते. ‘ज्ञान दिव्य आहे’ हे मात्र कोणालाच काही विचारीत नाही. ते ज्ञानाला मखरात बसविते. मखरातील मूर्तीला नमस्कार केला की मनुष्य मोकळा होतो. शिवाय दिव्य म्हटलेल्या वस्तूभोवती सोवळ्याची रेघ ओढली जाण्यास आपल्याकडे वेळ लागत नाही. देवळाशी नाते असलेल्या आमच्या वाचकांस हे अधिक उलगडून सांगावयास नको.

तरीही हे ब्रीद टाकाऊ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ‘दिव्य’ शब्दाच्या मुळाशी प्रकाशणे आहे. बांद्याच्या सोहिरोबानाथांनी अठराव्या शतकात ज्ञानाला मनुष्याच्या आत तेवणारा दिवा मानले व तो विझू देऊ नका, असे विनविले. दिवा म्हटला की तेलवात आली, काजळी झाडण्याचे रोजचे काम आले. गोवा राज्याच्या मुद्रेवरही वृक्षदीप आहे, आणि त्यासोबतचे संस्कृत वचन सर्वांचे कल्याण इच्छिते. दिवा कोणासाठी, हे तेथे निदान सांगितलेले तरी आहे.

याच नाथांचे नाव पेडण्यात विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयास दिलेले आहे. डिचोलीत साखळीसही तसेच महाविद्यालय आहे. या भागात पूर्वी मराठी शाळा देवळाच्या मंडपात वा कोणाच्या ओसरीवर भरत, आणि त्या पायऱ्या चढण्याची मुभा सर्वांना नसे. ज्यांना ती नव्हती, त्यांच्या घरची नात आज या महाविद्यालयांत शिकते. ‘दिव्य’ या शब्दाचा अर्थ तिला मखरावरून सांगावयाचा की दिव्यावरून, हे तिच्या प्राध्यापकांनी ठरवावयाचे आहे.