हरितलवकाच्या चित्रातली बंद दारे

शाळेच्या पुस्तकांत हरितलवकाचे चित्र बहुधा एकाच साच्याचे असते: दोन रेषांचे आवरण, आत चकत्यांच्या चवडी आणि पाच-सहा नावे. चित्र चुकीचे नाही. पण ते पाहून आवरण म्हणजे नुसते कुंपण, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. आमची तक्रार आहे ती याबद्दल.

नवरात्रात देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घटाचे गहू पिवळट उगवतात. उजेडात आणले की काही तासांत हिरवे होऊ लागतात. 'प्रकाशामुळे हरितद्रव्य तयार होते' एवढे सांगून आपण मोकळे होतो. मग दीपनगरच्या वर्गात एखादी मुलगी विचारते, "सर, त्याला लागणारा माल आला कुठून?" इथे पुस्तक गप्प बसते.

अंधारातल्या पानात हरितलवकाच्या जागी इटिओप्लास्ट असतो. हरितद्रव्याच्या आधीचा पदार्थ त्यात थोडासा तयारच असतो; प्रकाश पडताच एक विकर त्याचे रूपांतर करते. पण चकत्या उभारायच्या तर प्रथिने हवीत, आणि लवकाच्या स्वतःच्या प्रथिनांची जनुके शंभरही नसतात. बाकीची, म्हणजे बहुतेक सगळी प्रथिने, केंद्रकाच्या आदेशाने बाहेर पेशीद्रवात बनतात आणि दोन्ही पटले ओलांडून आत येतात. बहुतेकांच्या टोकाला पत्त्याच्या चिठ्ठीसारखा एक तुकडा असतो; आत आल्यावर तो छाटला जातो. रुबिस्को या विकराचा मोठा घटक आत बनतो, लहान घटक असा बाहेरून येतो. वाटाण्याच्या पेशींतून वेगळ्या काढलेल्या हरितलवकांवर हे १९७८ साली दाखवले गेले. एका विकराचे दोन तुकडे दोन ठिकाणी बनावेत, ही गोष्ट मुलांना सांगायलाच हवी!

बाहेर जाणाऱ्या मालाबद्दलही तेच. समीकरण ग्लुकोजपाशी थांबते. प्रत्यक्षात दिवसा मुख्यतः तीन कार्बनांची फॉस्फेटयुक्त शर्करा बाहेर पडते आणि तिच्या बदल्यात फॉस्फेट आत येते. जे बाहेर जात नाही त्याचा स्टार्च होतो. रात्री तो मोडून मुख्यतः माल्टोजच्या रूपाने दुसऱ्या दाराने निघतो. म्हणजे आयोडीनच्या प्रयोगात पान निळेकाळे होते ते मागे राहिलेल्या मालामुळे. जळगावच्या केळ्यातली साखर आणि इथल्या वीजकेंद्रात जळणारा कोळसा, दोन्हींतला कार्बन कधी ना कधी अशाच आवरणातून बाहेर पडलेला आहे.

पुस्तक बदलेल तेव्हा बदलेल. तोवर फळ्यावरच्या चित्रात खडूने दोन बाण काढावेत, प्रथिनांचा आत आणि शर्करेचा बाहेर. फॉस्फेटचा तिसरा बाण अकरावीसाठी ठेवला तरी चालेल.